बारा गाड्या, बारा पोती

पुणे,
ता. ९ फेब्रुवारी १९४३

आनंददादांना मानसिंगचा दंडवत. मावशीच्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं तिला सांगा.

खुशालीचं पत्र नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बसून वाचाल.

तुमच्या सहकारी मंडळीचा हिरडा परवा आमच्या गोदामात उतरला. बारा गाड्या, गाडीत बारा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस पोती. तुम्हाला वाटेल, मानसिंगनं एकेक पोतं ओतून पाहिलं असेल. ते दिवस गेले. लढाईमुळे बुटांच्या चामड्याला इतकी मागणी आहे की चामडं कमवायला लागणाऱ्या हिरड्याच्या गाड्यांची रोज रांग लागते. सगळी पोती ओतत बसलो तर शिपायांना अनवाणीच लढावं लागेल. म्हणून साहेबांनी नवा नियम आणला आहे. एकशे चव्वेचाळिसांतली बाराच फोडायची. त्यांत दोनपर्यंत खराब निघाली तर चालवून घ्यायची, कारण निर्मळ माल या जगात कुठंच नसतो. तिसरं खराब निघालं की सगळा माल नापास. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काही नाही.

दादा, मी बारा फोडली आणि बाराच्या बारा खराब निघाली. काळा, किडका, जमिनीवर पडून कुजलेला हिरडा. दगडानं ठेचला तर आत पिवळा गर नाही, नुसती काळी भुकटी. दीड वर्ष तपासनिसाची नोकरी करतो आहे, पण बारातली बारा खराब असं कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी शेरा मारला आहे. पाडव्याच्या आत माल उचलून न्यावा, नाहीतर कंपनी तो फेकून देईल.

मंडळीचे चिटणीस माझे मावसभाऊ आहेत हे मी साहेबांना नोकरीला लागतानाच सांगितलं होतं. काल त्यांनी माझ्याकडे पाहून नुसतं "हं" म्हटलं. तो "हं" मला रात्रभर पुरला.

एवढंच विचारतो, माझ्या ओळखीवर विसंबून तुम्ही हा माल पाठवलात का? रागावू नका. रागावलात तरी उत्तर द्या.

तुमचा
मानसिंग


वेल्हे,
ता. १५ फेब्रुवारी १९४३

मानसिंग,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण आज त्यातले थोडे राखून ठेवले आहेत.

तुझं पत्र मी चावडीपुढं उभ्यानं वाचलं. चार माणसांनी विचारलं, "काय आनंदराव, पास झाला नव्हं माल?" मी म्हटलं, अजून कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा चिटणीस खोटं बोलला, आणि तेही तुझ्यापायी.

ओळखीवर विसंबून म्हणे! अरे, पासली, विंझर, गुंजवणे, तिन्हीकडच्या माणसांनी झाडांवर चढून काढलेला हिरडा तो. वीस-वीस दिवस उन्हात घातला, संध्याकाळी झाकला, सकाळी पुन्हा पसरला. मी स्वतः ठेचून पाहिला आहे, हळदीसारखा पिवळा. आणि तू मला शितावरून भाताची परीक्षा सांगतोस? भात एका भांड्यातला, एका चुलीवरचा असतो रे. आमची पोती साठ घरची. चार शितं कच्ची लागली म्हणून साठ घरचा भात उकिरड्यावर ओतायचा, हा न्याय कोणत्या विलायतेतून आणलास?

पण खरं सांगू? मला तुझ्या नियमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा वास येतो आहे. पाणी कुठंतरी मुरतं आहे. एकशे चव्वेचाळीस पोत्यांतून नेमकी तीच बारा तुझ्या हाताला लागावीत, असा योग जोशीबुवांच्या पंचांगातही सापडायचा नाही. कोणती फोडायची हे तुला कुणीतरी सांगितलं. आणि ते सांगणारा मला ठाऊक आहे.

भोरचा जहांगीर. एकोणीस वर्षं आमचा माल त्याच्याच गाड्यांतून जातो. पेट्रोलअभावी लॉऱ्या बंद पडल्यापासून तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. यंदा त्यानं भाडं वाढवून मागितलं, बैलांची पेंड महागली म्हणून. मंडळीनं नाही म्हटलं. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "बगा मंग." तेव्हा मला ते साधं वाटलं. आता रोज त्या दोन शब्दांवर मी विचार करतो.

स्पष्ट लिही. गाड्या खाली करताना तो तुझ्याशी बोलला का? बोट दाखवलं का? तू त्याच्याबरोबर चहा घेतलास का?

आनंदराव


पुणे,
ता. २० फेब्रुवारी १९४३

दादा,

चहा घेतला नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. माल आणणाऱ्या गाडीवानाशी आम्ही रामरामाच्या पुढं बोलत नाही, तसा हुकूमच आहे. म्हणून तर वेल्ह्याला यायचं टाळतो. मावशीच्या हातची भाकरी खाल्ली तरी इथले लोक म्हणतील, मानसिंगनं हिरडा खाल्ला. तुमचा जहांगीर गाडीजवळ बैलांना पाणी पाजत होता. पोत्यांकडे त्यानं पाहिलंही नाही.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडलो. "नेमकी तीच बारा" असं तुम्ही लिहिलं आहे. दादा, तीच म्हणजे कोणती? म्हणजे खराब पोती बाराच होती आणि ती बाराच होती हे तुम्हाला ठाऊक होतं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?

मला आता तुमचाही संशय येतो. लहानपणी मुंबईहून सुट्टीत यायचो तेव्हा तुम्ही मला पोहायला शिकवलंत, मी बुडेन म्हणून कमरेला दोर बांधून. त्या माणसानं मला कोऱ्या चेहऱ्यानं बुडवावं? इथं शेजारच्या टेबलावरचा कारकून मला ऐकू येईल असं म्हणतो, कुंपणच शेत खातं.

खरं काय ते लिहा. अर्धं नको.

मानसिंग


वेल्हे,
ता. २७ फेब्रुवारी १९४३

मानसिंग,

पकडलंस. शहरात राहून एवढं तरी शिकलास.

ऐक. आमच्या गाडीत बारा पोती असतात. त्यातली अकरा झाडावरून काढलेल्या हिरड्याची. बारावं म्हाताऱ्यांचं. ज्यांच्यानं आता झाडावर चढवत नाही, ज्यांच्या घरात चढणारं कुणी उरलं नाही, अशा बायका सगळ्यांचं काढून झाल्यावर खाली पडलेला हिरडा वेचतात. मूठमूठ करून एकेक पोतं होतं. तो काळाच असतो, किडकाच असतो, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. पण प्रत्येक गाडीत एक जागा त्यांची, हा आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज. भोरचा जुना व्यापारी ते पोतं हुंगायचा, हसायचा आणि बाकीच्यांबरोबर तोलून घ्यायचा. त्यानं कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. तुझ्या कंपनीलाही सांगितलं नाही. लबाडी म्हणायची तर म्हण. कोणत्या म्हाताऱ्या ते मात्र विचारू नकोस.

आता तूच सांग. एकशे चव्वेचाळिसांत बारा काळी. तू बारा फोडलीस आणि तीच बारा. बाकीच्या एकशे बत्तीसांतलं एकही नाही! खोऱ्याबाहेरचा हे जाणणारा माणूस एकच. जहांगीर ते पोतं प्रत्येक गाडीत स्वतःच्या हातानं चढवतो, सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत वर. किडका हिरडा खाली दबला तर त्याचं पीठ होतं म्हणून. "म्हातारे, यंदा पोतं लई हलकं, जेवत न्हाईस का?" असं म्हणत चढवतो. असं गोड बोलणाऱ्यांचीच भीती वाटते.

मी पंचांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. गेनबा आमचे मुख्य पंच, त्यांना संताप आवरेना. म्हणाले, "घरचा भेदी बरा, त्यो घरातच ऱ्हातो. ह्यो तर गाडी घिऊन गावभर हिंडतोय." येत्या अकरा तारखेला जहांगीरला सभेत बोलावलं आहे. कबूल झाला तर ठीक, नाहीतर या खोऱ्यात त्याच्या गाडीत कुणी मूठभरही माल घालायचा नाही, असा ठराव होईल. एकोणीस वर्षांचा माणूस आहे, मलाही बरं वाटत नाही. पण साठ घरांचं वर्ष बुडालं आहे, त्याचं काय?

आनंदराव


पुणे,
ता. ५ मार्च १९४३

दादा,

सभा थांबवा. हे पत्र मिळेल त्या पावली गेनबांकडे जा आणि सभा थांबवा. जहांगीरनं काही सांगितलं नाही. मला कुणीच काही सांगितलं नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि गोदामात जाऊन जमिनीवर बसलो. हमालांना वाटलं घेरी आली.

बारा पोती कशी निवडायची याचा साहेबांचा नियम आहे. पोती गाडीतून उतरतील तशी त्यांच्यावर आकडे रंगवायचे, एक ते एकशे चव्वेचाळीस. मग तेवढ्याच चिठ्ठ्या डब्यात घालायच्या, डबा हलवायचा आणि बारा चिठ्ठ्या काढायच्या. जो आकडा येईल ते पोतं फोडायचं. साहेब म्हणतात, तपासनिसाला आधी कळता कामा नये, देवालाही कळता कामा नये. मला तो पोरखेळ वाटला. चिठ्ठीत सत्त्याहत्तर आला तर थप्पीच्या पोटातून ते पोतं ओढायला दोन हमाल, अर्धा तास आणि शंभर शिव्या. म्हणून गेले चार महिने मी चिठ्ठ्या काढतच नाही. एकशे चव्वेचाळीस भागिले बारा, म्हणजे बारा. पहिलं पोतं घ्यायचं, मग बारा-बाराच्या अंतरानं तेरावं, पंचविसावं, सदतिसावं, असं शेवटपर्यंत. मला वाटायचं हे चिठ्ठ्यांपेक्षा न्यायाचं आहे, सगळीकडून सारखं येतं.

आणि तुमच्या गाडीत बाराच पोती! म्हाताऱ्यांचं पोतं सगळ्यांत वर, म्हणजे गाडी खाली करताना सगळ्यांत आधी तेच उतरतं. पहिल्या गाडीचं पहिलं, दुसरीचं तेरावं, तिसरीचं पंचविसावं. मी प्रत्येक गाडीतलं म्हाताऱ्यांचंच पोतं फोडत गेलो आणि बाकीच्यांना हातही लावला नाही. वहीत आकडे लिहिलेले आहेत, पुन्हा ताडून पाहिले. खरी चिठ्ठी काढली असती तर बारांत एखादंच काळं आलं असतं आणि माल पास झाला असता.

हे कळलं तर माझी नोकरी गेली. नुसती जाणार नाही, चार महिन्यांचा सगळा माल पुन्हा तपासायला लागेल आणि साहेब मला दारातून ढकलतील. घरात लक्ष्मीला सातवा महिना आहे. दादा, तुम्ही पंचांना काहीही सांगा. मानसिंगनं शपथेवर सांगितलं की गाडीवान निर्दोष आहे, एवढंच सांगा. पण पोती कशी काढली ते सांगू नका. हे पत्र वाचून चुलीत घाला.

तुमचा
मानसिंग


वेल्हे,
ता. २४ मार्च १९४३

मानसिंग,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुझं पत्र सभेच्या आदल्या दिवशी मिळालं. चुलीत घातलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि सभेला गेलो. तू सांगितलंस तसंच बोललो, मानसिंग शपथेवर सांगतो की गाडीवान निर्दोष आहे. गेनबा म्हणाले, "मावसभावाची शपथ व्हय? मंग त्याला कसं गावली ती बारा पोती? सांगा की." सगळी सभा माझ्याकडे बघत होती. खिशातलं पत्र छातीला लागत होतं. मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही.

मग जहांगीरला उभं केलं. गेनबांनी त्याला भोरच्या पीराची शपथ घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "पीराला मधी कशाला आणता? एकोणीस वर्सं माल पोचवलाय म्या, त्येच्यावर इस्वास न्हाई आन् एका शपथेवर बसंल व्हय?" शपथ घेतली नाही, म्हणून लोकांना खात्रीच पटली. ठराव झाला. जाताना त्यानं कुणाकडं पाहिलं नाही, फक्त माझ्याकडं पाहिलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, तरी पाहिलं.

आता पुढचं ऐक. वेल्ह्यात जे झालं ते चार दिवसांत भोरच्या पेठेत पोचलं. तिथले व्यापारीही त्याला माल देईनासे झाले आहेत. ज्यानं एकाचं गुपित फोडलं तो दुसऱ्याचं फोडणारच, असं म्हणतात. बाराच्या बारा गाड्या दारात उभ्या आहेत. दोन बैल विकले असं ऐकलं. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, तसं आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसावर काढलं.

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. कोणत्या म्हाताऱ्या ते विचारू नकोस असं लिहिलं होतं ना? पासलीची बाळाबाई, गुंजवण्याची साळूबाई, आणखी नऊजणी आणि आपली ठकुबाई. माझी आई, तुझी मावशी. बाबा गेल्यापासून ती फुकट बसून खात नाही म्हणते. मी किती सांगितलं, चिटणिसाच्या आईनं सडका हिरडा वेचणं शोभत नाही. ऐकत नाही. तू फोडलेल्या बारांपैकी एक पोतं तिच्या मुठींचं होतं. मला त्याची लाज वाटायची, म्हणून लिहिलं नाही. आता त्या लाजेची लाज वाटते.

तिला वाचता येत नाही, पण मी कागद दिव्याजवळ नेतो आणि परत खिशात घालतो हे तिनं दोन-तीनदा पाहिलं. म्हणाली, "वाच." वाचून दाखवलं. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "ह्ये तुला सभंत ठाऊक हुतं?" मी मान डोलावली. तेव्हापासून नऊ दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसते.

पाडव्याला पुन्हा सभा आहे. त्या दिवशी गाड्यांचं काम कायमचं नसरापूरच्या माणसाला द्यायचं ठरलं आहे. एकदा ते झालं की जहांगीरवरचा डाग कुणी पुसणार नाही. तुझ्या नोकरीवर मी पाय देणार नाही, तू मला सख्ख्यासारखा आहेस. पण पत्र जाळणारही नाही. काय करायचं ते तू सांग, माझ्याच्यानं ठरवणं होत नाही.

आनंदराव


पुणे,
ता. ३० मार्च १९४३

दादा,

पत्र वाचा. सभेत, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून. लक्ष्मीचं नाव आहे तेवढी ओळ गाळलीत तर बरं, पण नाही गाळली तरी चालेल.

काल साहेबांकडे गेलो. लक्ष्मीनंच सांगितलं जायला. साहेबांनी वही मागितली, आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि ओरडतील असं वाटत असताना हळूच विचारलं की चार महिन्यांत किती लोकांचा माल परत गेला. सतरा, मी म्हटलं. त्या सतरांपैकी कितीजण घरी जाऊन कुणाला चोर म्हणाले असतील, असं त्यांनी विचारलं.

मग त्यांच्यासमोर तुमच्या मालाच्या चिठ्ठ्या काढल्या. डबा त्यांनी स्वतः हलवला. सत्त्याहत्तर खरोखरच आला. बारांत एक काळं निघालं, बाकी अकरा तुमच्या हळदीसारखी. माल पास आहे. म्हाताऱ्यांच्या रिवाजाचंही मी सांगून टाकलं. ते म्हणाले, दोनांपर्यंतची माफी मोजून ठेवलेली आहे, ती कुणाच्या वाट्याला जाते हे आम्ही विचारत नाही.

नोकरी गेली नाही. तपासनिसाचं काम गेलं. आता पोत्यांवर आकडे रंगवतो. हाताचा काळा रंग जेवतानाही निघत नाही. मावशीला सांगा, तिचं पोतं फोडणारा तिचाच भाचा होता. बोलणं टाकायचं तर माझ्याशी टाक म्हणावं, तुमच्याशी बोल.

मानसिंग


वेल्हे,
ता. १९ एप्रिल १९४३

चिरंजीव मानसिंग,

या खेपेस आशीर्वाद पुरे पाठवतो आहे. लक्ष्मीचंही नाव त्यात आहे.

पाडव्याला पत्र वाचलं. एक ओळ गाळली नाही. मग मी माझं सांगितलं, की मागच्या सभेत हे माझ्या खिशात होतं. गेनबा पागोट्याशी चाळा करत म्हणाले, "आनंदराव, तुमच्या खिशात हुतं आन् आमच्या मनात हुतं. दोनी सारखंच." ठराव रद्द झाला. कुणीतरी म्हणालं, झगड्याचं मूळच नको, ते बारावं पोतं यंदापासून बंद करा. आई बायकांत बसली होती. उठून म्हणाली, "करा बंद. आमच्या पोत्यापायी मानूस चोर ठरला, त्यापरीस उपाशी बरी." मी घरी येताना तिच्यामागून चालत होतो. दाराशी ती म्हणाली, "पाय धू." तीन आठवड्यांनंतरचे पहिले शब्द. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण भोरला गेलो. जहांगीर घरीच होता. त्याच्या पत्नी बिलकीसभाभींनी चहा केला, आमच्या हातात दिला आणि आत गेल्या. गेनबांनी नारळ पुढं ठेवला, चूक झाली म्हणाले. मीही हात जोडले. आमच्या तोंडून झालेली बदनामी खोटी आहे असं आम्हीच पेठेत दुकानोदुकानी फिरून सांगितलं, तेव्हा तो आमच्याबरोबर आला नाही. आम्ही परत आल्यावर म्हणाला, नेईन माल.

मी बाराव्या पोत्याचं सांगितलं, बंद करणार आहोत म्हणून. तो एकदम चिडला. पहिल्यांदाच चिडला. "खबरदार! त्ये बंद झालं तर उद्या लोक म्हनतील, जहांगीरनं सांगितलं म्हनून म्हाताऱ्यांच्या पोटावर पाय आला. चालू ठिवा." मग म्हणाला, "पन एक हाय. कंचं पोतं कुनाचं, ह्ये आता मला कुनी सांगायचं न्हाई. भरा तुमी, चढवा तुमी. मला ठाऊकच नगं."

आम्ही हो म्हटलं. त्या वेळी मोठी अट वाटली नाही.

परवा हंगामाचा शेवटचा माल निघाला, पाच गाड्या. शेवटचं पोतं चढवायची वेळ आली. आई पोत्याला हात लावून उभी होती, सवयीनं, तो काहीतरी चिडवेल म्हणून. जहांगीर बैलांच्या पुढं गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. आईनं हाक मारली, "जहांगीर, अरं, म्या हाय." त्यानं मान वळवली नाही. पोतं मी आणि गेनबांनी चढवलं. झालं का, असं त्यानं पाठमोरंच विचारलं. मी झालं म्हटल्यावर गाड्या हाकल्या.

आनंदराव